भंडारा न उचललेला माणूस

चैत्र सरत आला की कांदा माना टाकतो. पात पिवळी पडते, मुळाशी दुमडते आणि सगळं वावर एका कुशीवर निजल्यासारखं दिसतं. मग बाया ओळीनं बसून कांदा उपटतात, पातीनं कांदा झाकत ढीग लावत जातात. दोन दिवसांत त्या पातीला एक गोडसर, आंबूस वास सुटतो. वारूळवाडीतल्या माझ्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं तरी तो येतो. लोकांना म्हणे या वासानं भूक लागते. मला हात धुवावेसे वाटतात.

मी नारायणगावातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. कांदा काढणीला आणि वार्षिक परीक्षेला एकच मुहूर्त असतो. वर्गावर फेऱ्या मारताना एखाद्या मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडते. ती लगेच गळ्याला चिमटा घेते. "आईशप्पथ सर, माझी नाय." मी विचारायच्या आधीच शपथ तयार असते. देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, आईच्यान, विद्येची आण. आपल्या बोलण्यात शपथा इतक्या का, याचा मी बरीच वर्षं विचार करतो आहे. ज्या गावात भिंती मजबूत असतात तिथं टेकू कशाला लागतील? माझ्यापुढं कुणी शपथ घेतली की मला आधी त्याचा संशय येतो, आणि लगोलग स्वतःचा. आठवड्यातून एकदा परिपाठात मला मुलांपुढं सत्य या मूल्यावर बोलावं लागतं. मी बोलतो. बरं बोलतो, असं मुख्याध्यापक म्हणतात.

माझं गाव कळंबच्या पुढं, घोड नदीच्या काठाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहत वडिलांच्या हाताखाली शेती करत होतो. आमची उपसा योजना अकरा भागीदारांची होती. बंधाऱ्यातलं पाणी मोटार उचलायची आणि पाइपातून ते वर माळावर यायचं. वाटेत जागोजाग सिमेंटचे चौकोनी चेंबर, आणि चेंबरात वॉल, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप. ज्याची पाळी त्याचा वॉल उघडा, बाकीचे बंद. हे उघडणं-मिटणं करायला आणि मोटार सांभाळायला एक पाटकरी ठेवलेला. अकरा जणांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून पाटकरी बाहेरचा आणला होता. आणि बाहेरचा आणल्यावर त्याच्यावरही कुणाचा विश्वास बसेना.

त्याचं नाव शांतवन. नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याची बायको रिबका. गावातल्या बाया तिला रबकाबाई म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याची खोली होती, तिथं दोघं राहायची. रविवारी सकाळी ती दोघंच दार उघडं टाकून गाणी म्हणायची. चाल अभंगाची, नाव येशूचं. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया ऐकायच्या आणि घरी येऊन सांगायच्या. "चाल आपली आन् देव त्येंचा. आसंच फशी पाडत्यात," हे त्यावरचं गावाचं मत.

मत एवढ्यावर थांबत नव्हतं. शांतवन दारू पीत नसे; मग पगाराचं करतो काय? शिवी देत नसे. म्हणजे मनात ठेवत असणार. पाळीची वेळ वहीत मिनिटांसकट लिहीत असे. एवढं नीट कोण लिहितं, ज्याला काही झाकायचं असतं तोच ना? माझाही हाच तर्क होता. शिकलेला म्हणून मला तो जास्त बारकाईनं लढवता यायचा. मी वेळ काढून त्याची वही चाळत असे. चूक सापडली नाही की संशय आणखी वाढायचा.

पारावर त्याची थट्टा चालायची. आमच्या योजनेचे प्रमुख अण्णा एकदा म्हणाले, "शांतवन, तुमच्या देवाला नवस काय बोलत्यात रं?"

"नवस नाही, अण्णा. नुसतं मागायचं."

"आन् दिलं त्यानं तर?"

"आभार मानायचे."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तरी आभारच मानायचे."

"मंग लई बरं हाय राव तुमच्या देवाचं! दोन्हीकडनं फायदा त्याचाच!" पार हसला. शांतवनही हसला. त्याच्या हसण्यात राग आहे का, हे मी निरखून पाहत होतो. दिसला नाही. तेही मी त्याच्या खात्यावर लबाडी म्हणून मांडलं.

आमच्या खंडोबाची यात्रा चैत्रात भरते. त्या वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी आमची पाळी होती. कांद्याला शेवटचं पाणी द्यायचं होतं. हे पाणी मिळालं तर कांदा पोसतो, चुकलं तर लिंबाएवढी गोल्टी हाती येते. वरचं अर्धं वावर भिजलं आणि लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. योजनेचा नियम असा, की गेलेले तास गेले. दुसऱ्या दिवशीची पाळी हौसाक्काची. हौसाक्का विधवा बाई, पाइपाच्या अगदी शेवटाला तिचं दीड एकर. शेवटाला असल्यामुळं तिच्यापर्यंत पाणी तसंही दमून जायचं.

यात्रेच्या दिवशी सगळं गाव शर्यतीच्या घाटात होतं. बैलगाडे पळत होते, भोंग्यातून गाड्यामालकांची नावं पुकारली जात होती, उन्हात भंडाऱ्याचा पिवळा धुरळा उठत होता. मी "घरी पावणं आल्यात" असं सांगून निघालो. ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना घेतला. आमच्यासह तिघांचे वॉल एकाच चेंबरात होते. झाकण सरकवलं, आमचा वॉल अर्धा फिरवला. पाइपातून आधी हवा येते, कुणी मोठा सुस्कारा सोडावा तशी, आणि मागून पाणी. मी वाफ्यांना दारं धरत बसलो. दूर घाटात लोक ओरडत होते. ऊन इतकं होतं की ओल्या मातीतून वाफ निघताना दिसत होती. मी मनाशी म्हणत होतो की हे आमचेच गेलेले तास आहेत.

मग नदीकडच्या वाटेवर, चिंचेच्या वळणावर, काळी छत्री दिसली. शांतवनच्या घरातली, तशी मोठी छत्री शिवारात दुसरी नव्हती. ती वळणावर थांबली. छत्रीखालचं माणूस मला दिसत नव्हतं. थोड्या वेळानं छत्री आली तशी परत गेली.

मी वॉल बंद केला नाही. चार वाजेपर्यंत पाणी घेतलं.

यात्रा उठल्यावर दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. हौसाक्का खांबाशी उभी होती. "करंगळीयेवढं पानी आलं माज्या वावरात. मी म्हनलं लाईट कमी आसंल. सांजच्याला वर येऊन बघते तं चेंबरचं झाकान सरकल्यालं. माजा कांदा ग्येला वो अण्णा." आमचं वावर ओलं होतं, पण यात्रेच्या आदल्या दिवशी पाळी आमचीच होती, त्यामुळं ते ओलं असण्यात कुणाला काही वाटलं नाही. आणि मुद्दा तर सरळच होता. सगळं गाव घाटात असताना शिवारात एकटं कोण होतं? जो यात्रेला आला नाही तो. कुणाकडून तरी चार पैसे घेऊन त्यानंच वॉल फिरवला असणार.

आमच्याकडं अशा वेळी भंडारा उचलायची रीत आहे. देवापुढं हळदीचा भंडारा ठेवतात, वर बेलाचं पान. तो उचलून, खोटं बोलत असेन तर देव बघून घेईल, असं म्हणायचं. उचलला की विषय संपला. त्यानंतर त्या माणसावर कुणी बोट दाखवायचं नाही. अण्णा म्हणाले, "अकरा भागीदार आन् पाटकरी, समदी उचला."

मी पाचवा होतो. हात थरथरेल म्हणून मी वाट पाहिली. थरथरला नाही. चिमटीत भंडारा घेतला, म्हणायचं ते म्हणालो, आणि घशात काही अडकलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातला सर्वांत भीतिदायक क्षण कोणता असं कुणी विचारलं, तर तो हा. काहीही न झाल्याचा.

शांतवन चपला काढून खालच्या पायरीवर बसला होता.

"शांतवन, वॉल तू फिरावला का?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"मंग ये वर. उचल."

"मी नाही म्हणालो ना, अण्णा."

"आरं, म्हनाया काय हुतंय! समदी उचलत्यात."

कुणीतरी म्हणालं, "त्येचा देव येगळा हाय. त्येच्या देवाची आण घिऊ द्या की." ते सगळ्यांना पटलं. मागं एकदा ट्रॅक्टरवाल्या रज्जाकभाईंवर आळ आला होता, तेव्हा त्यांना त्यांच्या देवाची आण घेऊ दिली होती, आणि ती गावानं मानली होती. आमचं गाव एवढं तरी उदार होतं. शांतवनच्या खोलीतून त्याचं बायबल आणायचं ठरलं. सायकल माझ्याकडं होती. मला पाठवलं.

रिबका दारातच होती. मी काय हवं ते सांगितलं. ती माझ्या हातांकडं पाहून म्हणाली, "हात धुवून घ्या भाऊ, भंडारा लागलाय." तिनं तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. पिवळं पाणी उंबऱ्यापाशी मातीत जिरलं. नुसतं पुस्तक खराब होऊ नये म्हणून ती म्हणाली, की छत्री तिच्या हातात होती म्हणून, हे मी तिच्या तोंडावर शोधत होतो. तिनं पांढऱ्या रुमालात बांधलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

शांतवननं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं. अण्णा म्हणाले, "हं, ठेव हात. म्हन, मी फिरावला न्हाई."

"अण्णा, मी फिरवला नाही. पण हात ठेवून शपथ घेणार नाही. याच्यातच प्रभूनं सांगितलंय, शपथ वाहूच नका म्हणून. देवाची नको, आभाळाची नको, स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नको. माणसाचं होय हे होय असावं आणि नाही हे नाही. आता याच्यावरच हात ठेवून याचंच मोडू का?"

मग हसू फुटलं. "लई हुशार राव! आपल्या देवाला भ्यालं ते भ्यालं, सोताच्या बी देवाला भ्यालं!" "शपथच नगं म्हनतोय त्येचा देव. चोरांची सोय हाय की!" त्या हसण्यात मीही होतो. माझ्या शेजारी बसलेल्याच्या मांडीवर मी थाप मारली होती. हे मला इतरांच्या आठवणीतून नव्हे, माझ्याच तळहातावरून आठवतं.

अण्णांनी सकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. किल्ल्या द्यायला शांतवन त्यांच्या मागं गेला. जाताना पुस्तक माझ्याकडं देऊन म्हणाला, "तुम्हीच आणलंत, तेवढं घरी पोचवा भाऊ." मी नदीकडं निघालो. चिंचेच्या वळणावर थांबलो आणि घरी आलो. सकाळी जाऊन देऊ म्हटलं. सकाळी ती दोघं पहिल्या एसटीनं गेली होती.

त्या वर्षी आमचा कांदा टपोरा निघाला. कांदा साठवायच्या बराखीत भरला. आषाढात बराखीच्या खालून काळं पाणी झिरपू लागलं आणि वास दारापर्यंत आला. पात वळल्यावर पाणी दिलेला कांदा टिकत नाही, हे कुणीही शेतकरी सांगेल. मला मात्र त्यात न्याय पाहायचा मोह होतो. पण त्या वर्षीच्या दमट हवेनं गावात आणखी तीन बराखी सडल्या, त्यातली एक हौसाक्काच्या भावाची. त्यानं काय केलं होतं? देवाच्या नावावर सोयीचे अर्थ लावायची आपली खोड मला त्या वासापेक्षा जास्त सलते.

पुस्तक माझ्याकडं राहिलं. नोकरी लागली, लग्न झालं, वारूळवाडीत बिऱ्हाड केलं. पुस्तक बरोबर आलं. पहिली दोन वर्षं उघडलं नाही. मग वाचू लागलो, पण भक्त वाचतो तसं नाही. जमिनीचं खरेदीखत वाचताना आपण जसं पाहतो, कुठल्या ओळीत फसवणूक लपवली आहे, तसं. गावानं सांगितलं होतं की ही माणसं फशी पाडतात. मला तो गळ शोधायचा होता.

एका जागी वाटलं, सापडला. तिथं म्हटलं होतं की माणूस आपल्या पुण्याईनं तरत नाही. कितीही केलं तरी कमीच पडतं. तो तरतो ते देवाच्या कृपेनं, आणि त्याच्या हाती उरतो तो विश्वास. मी मनाशी म्हणालो, हेच ते. आमच्याकडं निदान उपास आहे, नवस आहे, अनवाणी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणं आहे. इथं नुसतं 'चुकलो' म्हणायचं आणि सुटायचं? माझ्यासारख्याला हे फार परवडणारं होतं, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. मला परवडणाऱ्या गोष्टी मी ओळखतो.

पण पुढं वाचत गेलो तशी सुटका आखडत गेली. एका ठिकाणी येशू सांगतो, की देवापुढं दान ठेवायला गेला आहेस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर दान तिथंच सोड. आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे देव म्हणतो, माझ्याकडं येऊ नकोस, आधी त्याच्याकडं जा. माझ्या ओळखीचा कुठलाच देव असा दारातून परत पाठवणारा नव्हता. आणखी एकीकडं लिहिलं होतं की कृतीवाचूनचा विश्वास मेलेलाच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ न दिसणाऱ्या माणसाची गोष्ट तर आपल्या म्हणीतच आहे. तिथं शांतवननं पेन्सिलीनं रेघ मारली होती. मला ती रेघ माझ्यासाठी मारलेली वाटायची. पुस्तक माझ्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची असणार, हे कळत असूनही.

शपथेबद्दलची जागा शेवटी सापडली. तिथं रेघ नव्हती. त्याला तिची गरज वाटली नसावी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा लेख म्हणजे परत एकदा चांगलं बोलून दाखवणं होऊ नये. मी शांतवनला शोधलं नाही, कारण तो कुठं असेल हे ठाऊक नाही, असं मी स्वतःला बारा-तेरा वर्षं सांगत होतो. त्याच्या गावाचं नाव पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, त्याच्या अक्षरात, मिनिटं लिहायचा त्याच अक्षरात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. प्रवरेच्या काठचं गाव. शांतवन घराच्या ओसरीवर सुपात शेवग्याच्या शेंगांचं बी निवडत बसला होता. वाळला होता, पण पाठ ताठ होती. त्यानं मला ओळखलं. पुस्तक दिलं तर त्यानं पानं चाळली, वर पाहिलं. "रुमाल?"

"हरवला."

"तो तिचा होता," तो म्हणाला. रिबकाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी म्हणालो, "वॉल मी फिरवला होता."

"वाटलंच होतं. तुमचं अर्धं वावर कोरडं राहिलेलं माझ्या वहीत होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी स्टार्टर पडत होता, मी मोटारीपासून हललो नाही. वाटणं म्हणजे साक्ष नाही, भाऊ. शेजाऱ्याविरुद्ध न पाहिलेलं बोलू नये."

"छत्री दिसली होती मला. चिंचेपाशी."

तो बी निवडत राहिला. "ती गेली असेल. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर मला सांगावं लागलं असतं, हे तिला कळत होतं." मग म्हणाला, "का नाही बोलली, ते आता कुणाला विचारू?"

मी क्षमा मागितली. मला वाटलं तो रडेल, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवेल. एवढी वर्षं पुस्तक वाचून मी अशा एखाद्या चित्राची तयारी केली होती. तो सूप बाजूला ठेवून म्हणाला, "क्षमा तर एसटीतच केली होती मी. ती माझ्या हातातली होती. माझं नाव तुमच्या देवळाच्या पायरीवर पडलंय, ते काही माझ्या हातातलं नाही. मला इथं येऊन काय सांगता? तिथं सांगा."

त्याच्या आवाजात राग होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो दिसला, आणि का कोण जाणे, त्या क्षणापासून मला त्या माणसाचा संशय येणं बंद झालं.

मी ख्रिस्ती झालो नाही. हे सांगावं लागतं, कारण वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न आला असेल, आणि माझ्या बायकोच्या मनातही आला होता. या चैत्रात यात्रेला निघताना ती म्हणाली, "आता सांगून कुणाचं भलं होणारंय? तुमाला हलकं वाटावं म्हणूनच ना?" तिचं खरं असू शकतं. वाटेत एसटीत मी तोच विचार करत होतो. माझ्या पश्चात्तापाचाही मला भरवसा नाही. पण एक कळत होतं. माझ्या हेतूची खात्री पटेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर शांतवनचं नाव त्या पायरीवरच राहणार.

सकाळचा अभिषेक आटोपून माणसं सभामंडपात बसली होती. योजना आता बंद आहे, ज्याच्या त्याच्या विहिरी आणि ठिबक. पण माणसं बहुतेक तीच. अण्णा ऐंशीच्या पुढं गेलेले, भिंतीला टेकून. मी उभा राहिलो आणि सांगितलं. ती यात्रा, ती दुपार, तो पाना. "वॉल मी फिरवला होता. शांतवननं नाही."

"आज काय काढलंस मास्तर ह्ये?" अण्णा म्हणाले. "सनाचा दीस हाय."

माझा चुलतभाऊ बाळू मागून म्हणाला, "त्या किरिस्तावानं दादाला काय पाजलं का काय?" लोक हसले.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बारीक डोळे करून पाहिलं. "इतक्या वर्षांनी कोन आसं आपनहून सांगतंय? काय तरी आसनार. बरं, खरं आसंल तं उचल भंडारा."

"अण्णा, तो मी त्या दिवशी उचलला होता. खोटा." मला माझाच आवाज मोठा वाटला. "आता परत उचलला तर तुम्हाला त्यातून काय कळणार? मी होय म्हणतोय. तेवढंच आहे माझ्याजवळ."

"मास्तर बाटलं राव," कुणीतरी हळू म्हणालं. या वेळी फारसं कुणी हसलं नाही. पण मानलं कुणीच नाही, हेही मला दिसत होतं. ज्याचा भंडारा खोटा, त्याचं होय तरी खरं कशावरून? त्यांच्या जागी मी असतो तर हाच प्रश्न विचारला असता.

बायांच्या बाजूला हौसाक्का बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा, हातात परडी. ती उठली नाही, तिथूनच म्हणाली, "किती येळ चालू ठिवला व्हता?"

"बाराला उघडला. चारला बंद केला." मी आठवलं. "मधी एकदा लाईट गेली होती. अर्धा तास."

"व्हय. ग्येली व्हती." ती सगळ्यांकडं वळून म्हणाली, "दीडच्या सुमाराला ग्येली व्हती. तवा करंगळीयेवढं येत व्हतं त्ये बी बंद झालं. मी बांधावर बसून व्हते, मला दुसरं काम न्हवतं. हे त्या दुपारी शिवारात व्हता त्यालाच ठावं आसंल, घाटातल्यांना न्हाई. ह्योच त्यो, अण्णा."

बाळू खाली पाहू लागला. हौसाक्का मला काहीतरी बोलेल म्हणून मी उभा होतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती परडीतली फुलं इकडची तिकडं करत राहिली.

"त्या यात्रेनंतर दोन दिस," ती म्हणाली, "म्या त्याच्या बायकूला माज्या हिरीवर प्यायाचं पानी भरू दिलं न्हाई. रिकामा हंडा घिऊन माघारी ग्येली बिचारी. एक शबुद बोलली न्हाई." मग चष्म्यातून माझ्याकडं पाहत तिनं विचारलं, "तिला सांगाया पायजे. रबकाबाई हाय ना आजून?"

"नाही," मी म्हणालो.

त्या 'नाही'वर मला कुणी भंडारा उचलायला सांगितला नाही.